डॉ. मनमोहन सिंग: अर्थशास्त्राच्या वर्गापासून पंतप्रधानपदापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डॉ. मनमोहन सिंग यांच्याविषयी बोलताना बहुतेक चर्चा दोन टोकांना जाते. कोणी त्यांना १९९१च्या सुधारणांचे एकमेव शिल्पकार मानतो, तर कोणी केवळ दुसऱ्यांच्या इच्छेने खुर्चीवर बसलेले पंतप्रधान. त्यांच्या पदांचा आणि निर्णयांचा क्रम नीट पाहिला, तर या दोन्ही समजुती अपुऱ्या ठरतात. वाचकांकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे म्हणूनच येथे थोड्या विस्ताराने दिली आहेत.

त्यांचे बालपण कुठे गेले?

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९३२ रोजी पश्चिम पंजाबातील गाह या खेड्यात झाला. हे गाव आज पाकिस्तानच्या चकवाल जिल्ह्यात आहे. आई लहानपणीच वारल्यामुळे आजीने त्यांना वाढवले. गावात वीज नव्हती, त्यामुळे दिव्याच्या उजेडात अभ्यास करावा लागे. शालेय शिक्षण उर्दूतून झाले आणि ती लिपी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली, की पुढे पंतप्रधान झाल्यावरही त्यांची हिंदी भाषणे उर्दू लिपीत लिहिलेली असत. फाळणीत आजोबा मारले गेले आणि कुटुंब निर्वासित होऊन भारतात आले. पुढे ते अमृतसरला स्थिरावले. पंतप्रधानपदाच्या दहा वर्षांतही ते गाहला कधी गेले नाहीत. फाळणीत ज्यांचे गाव सुटले, त्यांना याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे स्वतःचे काम कोणते?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, पण पुढच्या अनेक गोष्टींची किल्ली त्याच्या उत्तरात आहे.

अमृतसरच्या हिंदू महाविद्यालयातून आणि पुढे पंजाब विद्यापीठातून अर्थशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले आणि १९५७ साली तेथील पदवी परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले. जोन रॉबिन्सन आणि निकोलस कॅल्डॉर हे त्यांचे शिक्षक होते. मायदेशी परतून काही काळ अध्यापन केल्यावर ते ऑक्सफर्डच्या नफिल्ड महाविद्यालयात गेले आणि १९६२ साली डॉक्टरेट घेऊन परतले. त्यांच्या प्रबंधाचा विषय १९५१ ते १९६० या दशकातील भारताची निर्यात हा होता.

त्या काळच्या नियोजनाच्या विचारात एक गृहीतक जवळजवळ सर्वमान्य होते: भारताचा माल जगाच्या बाजारात फारसा खपणार नाही, म्हणून निर्यातीवर भिस्त न ठेवता आयात होणाऱ्या वस्तू देशातच तयार कराव्यात. तरुण मनमोहन सिंग यांनी आकडेवारीच्या आधारे दाखवले, की निर्यात रखडण्याचे खापर केवळ परदेशी मागणीवर फोडता येणार नाही आणि आपल्याच धोरणांचाही त्यात वाटा आहे. हा प्रबंध १९६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. म्हणजे १९९१ साली अर्थमंत्र्यांनी व्यापार खुला करण्याची भाषा केली, तेव्हा ती अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून उसनी घेतलेली होती असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्या विचाराचे बीज जवळजवळ तीन दशके आधीच त्यांच्या लेखनात होते. अर्थात, मधल्या काळात सरकारी सेवेत असताना त्यांनी नियंत्रणांची चौकट राबवण्यातही हातभार लावला, हेही तितकेच खरे आहे.

ते सरकारी सेवेत कसे आले?

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत तीन वर्षे काम करून ते १९६९ साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराचे प्राध्यापक झाले. तेथून १९७१ साली परदेशी व्यापार मंत्रालयाने त्यांना आर्थिक सल्लागार म्हणून बोलावले. पुढच्याच वर्षी ते अर्थ मंत्रालयात मुख्य आर्थिक सल्लागार झाले आणि १९७६ ते १९८० या काळात त्याच मंत्रालयात सचिव होते. मग नियोजन आयोगाचे सदस्य-सचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष आणि टांझानियाचे माजी अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या अध्यक्षतेखालील, विकसनशील देशांच्या दक्षिण आयोगाचे जिनिव्हातील महासचिव अशी पदे त्यांनी सांभाळली. स्पर्धा परीक्षा देऊन प्रशासनात आलेले ते अधिकारी नव्हते. प्राध्यापकाला थेट मंत्रालयात आणण्याची जी वाट तेव्हा खुली होती, त्या वाटेने ते आले. इंदिरा गांधी, मोरारजी देसाई, राजीव गांधी आणि चंद्रशेखर अशा परस्परांशी न पटणाऱ्या पंतप्रधानांच्या राजवटींत ते कोणत्या ना कोणत्या जबाबदारीवर राहिले. यावरून त्यांच्या स्वभावाविषयी बरेच कळते.

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदाचा काळ कसा होता?

सप्टेंबर १९८२ ते जानेवारी १९८५ या काळात ते मुंबईत गव्हर्नर होते. चलनविषयक व्यवस्थेचा आढावा घेण्यासाठी सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचे काम याच काळात सुरू झाले. महाराष्ट्रातील वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेत स्वतंत्र विभाग याच कारकिर्दीत स्थापन झाला. या बँकांचे सर्वांत दाट जाळे महाराष्ट्रात आहे, त्यामुळे या निर्णयाचा संबंध आपल्याकडच्या गावोगावच्या ठेवीदारांशी येतो.

१९९१ साली नेमके काय झाले होते?

थोडक्यात सांगायचे, तर देशाकडे परदेशी माल घेण्यासाठी पैसे उरले नव्हते. ऐंशीच्या दशकात सरकारने खर्च कर्ज काढून वाढवला आणि वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांवर गेली. त्यातच १९९०च्या आखाती संकटामुळे तेल महागले आणि तेथील भारतीय कामगारांकडून येणारा पैसा आटला. दिल्लीत वर्षभरात सरकारे बदलत होती. परदेशी कर्जदारांनी हात आखडता घेतला आणि अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी खाली आली.

स्टेट बँकेने मे महिन्यात २० टन सोने परदेशात विकले. हे सरकारच्या ताब्यातील, जप्तीतून आलेले सोने होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्याकडील सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून सुमारे ४० कोटी डॉलरचे कर्ज उभे केले. घरातले सोने गहाण टाकणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच त्या बातमीने देश हादरला. हे कर्ज त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत फेडले गेले.

नव्या सरकारने पहिले पाऊल उचलले ते रुपयाच्या अवमूल्यनाचे. १ आणि ३ जुलै रोजी, दोन टप्प्यांत, रुपयाची किंमत एकूण १८ ते १९ टक्क्यांनी कमी करण्यात आली. पहिल्या टप्प्यानंतर उठलेल्या टीकेमुळे पंतप्रधान नरसिंह राव यांनी दुसरा टप्पा थांबवायला सांगितले, पण मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर निर्णय जाहीर होऊन गेला होता, ही हकीकत त्या काळातील संबंधितांनी नंतर सांगितली आहे.

२४ जुलै १९९१ रोजी, एकाच दिवशी, नवे औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प संसदेत आले. अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांची परवाना पद्धती रद्द झाली आणि चौतीस अग्रक्रमाच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परदेशी गुंतवणुकीला वाट मोकळी झाली. तीनशे टक्क्यांच्याही पुढे गेलेल्या आयात शुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आली आणि १९९५ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांवर उतरली. अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. खुद्द काँग्रेसचेच खासदार त्यावर इतके संतापले, की वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान शेतकऱ्यांना त्यातून वगळावे लागले.

पुढच्या पाच वर्षांत शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या संस्थेला कायदेशीर अधिकार मिळाले आणि १९९४ साली सेवाकराची सुरुवात झाली. रुपयाचा दर बाजारावर सोपवला गेला. सरकारने हवे तेव्हा रिझर्व्ह बँकेकडून पैसा उचलण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करारही १९९४ सालीच झाला. शेवटची ही गोष्ट सामान्य चर्चेत कधी येत नाही, पण महागाईच्या दृष्टीने ती कदाचित सर्वांत दूरगामी होती. मार्च १९९६ पर्यंत परकीय चलन सुमारे १७ अब्ज डॉलरवर पोहोचले होते.

ते अर्थमंत्री कसे झाले?

राव यांची पहिली पसंती रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आय. जी. पटेल यांना होती आणि त्यांनी नकार दिल्यावर हे नाव पुढे आले, असे सांगितले जाते. निरोप पोहोचवला तो पी. सी. अलेक्झांडर यांनी, जे नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मनमोहन सिंग तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. २१ जून १९९१ रोजी त्यांचा शपथविधी झाला आणि ऑक्टोबरमध्ये ते आसाममधून राज्यसभेवर गेले.

सुधारणांचे श्रेय राव यांचे, की मनमोहन सिंग यांचे?

दोघांचे, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे अर्थमंत्र्याला ठाऊक होते. ते करण्यासाठी लागणारे राजकीय संरक्षण पंतप्रधानांनी दिले. औद्योगिक धोरण तर राव यांच्याच खात्याचे होते, कारण उद्योग मंत्रालय त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले आणि उत्तम मराठी जाणणारे राव अल्पमतातील सरकार चालवत होते, तरीही पक्षातील रोष त्यांनी स्वतःवर घेतला. व्यापार धोरण बदलण्यात पी. चिदंबरम यांचा, तर सुधारणांचे मसुदे आधीपासून तयार ठेवण्यात अनेक अधिकाऱ्यांचा वाटा होता. माझे मत असे आहे, की मनमोहन सिंग यांच्या सबंध कारकिर्दीचे सूत्र इथेच सापडते. पाठीशी भक्कम राजकीय आधार असताना त्यांनी असामान्य धैर्य दाखवले आणि तो आधार डळमळला, तेव्हा त्यांचे ज्ञान एकटे पुरे पडले नाही.

त्यांनी लोकसभेची निवडणूक कधी जिंकली होती का?

नाही. १९९९ साली दक्षिण दिल्लीतून ते एकदाच उभे राहिले आणि भाजपचे विजयकुमार मल्होत्रा यांच्याकडून पराभूत झाले. १९९१ पासून एप्रिल २०२४ पर्यंत, मध्ये काही आठवड्यांचा खंड वगळता, ते राज्यसभेतच होते. आधी आसामचे आणि शेवटी राजस्थानचे प्रतिनिधित्व त्यांनी केले.

२००४ साली पंतप्रधानपद त्यांच्याकडे कसे आले?

काँग्रेसला १४५ जागा मिळाल्या होत्या आणि डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा होता. सोनिया गांधी यांनी पद नाकारले आणि मनमोहन सिंग यांचे नाव सुचवले. २२ मे २००४ रोजी त्यांनी शपथ घेतली. ते देशाचे पहिले शीख पंतप्रधान होते. पक्षाचे नेतृत्व एकाकडे आणि सरकारचे दुसऱ्याकडे, अशी ही रचना होती. पहिल्या पाच वर्षांत ती बऱ्यापैकी चालली.

भारत-अमेरिका अणुकराराला त्यांनी एवढे महत्त्व का दिले?

१९७४च्या अणुचाचणीनंतर भारताला परदेशातून अणुइंधन आणि तंत्रज्ञान मिळणे जवळजवळ बंद झाले होते. ऊर्जेशिवाय वाढ टिकणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. जुलै २००५ मध्ये अध्यक्ष बुश यांच्यासोबत पहिले निवेदन निघाले. बावीसपैकी चौदा अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणायचे ठरले. वापरतात त्याहून अधिक इंधन तयार करणाऱ्या शीघ्र प्रजनक अणुभट्ट्या मात्र तिच्याबाहेर राहिल्या, आणि त्यामागे अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांचा ठाम आग्रह होता. डाव्यांनी जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढला, तरी पंतप्रधान मागे हटले नाहीत. २२ जुलै रोजी विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी मंजूर झाला. मते विकत घेण्याचा प्रयत्न झाल्याचा आरोप करत त्या दिवशी विरोधी खासदारांनी सभागृहात नोटांची पुडकी फडकवली, हा डाग त्या विजयावर राहिलाच.

त्यांच्या कार्यकाळाचा महाराष्ट्राशी कसा संबंध येतो?

या प्रश्नाचे उत्तर रोजगार हमीपासून द्यावे लागते. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा २००५चा केंद्रीय कायदा हा महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा थेट वारसदार होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि १९७२च्या दुष्काळात हजारो गावांना तगवलेल्या या योजनेला राज्याने १९७७ साली कायद्याचे रूप दिले होते. माहितीच्या अधिकाराबाबतही तसेच आहे. केंद्राचा कायदा २००५ साली आला, त्याआधी महाराष्ट्रात राज्याचा कायदा होता आणि त्यामागे अण्णा हजारे यांचे आंदोलन होते. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिला गेला.

विदर्भाचा अनुभव मात्र कडवट आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ते २००६ साली विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. आत्महत्या थांबल्या नाहीत. २००८च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा होती. विदर्भातील कोरडवाहू कापूस उत्पादकाकडे जमीन जास्त आणि उत्पन्न कमी, त्यामुळे तो या मर्यादेबाहेर पडला. नंतर कोरडवाहू जिल्ह्यांसाठी थोडी सवलत वाढवली गेली, पण सावकाराचे कर्ज कोणत्याच हिशेबात नव्हते. नियम दिल्लीत बसून आखला, की वावरात काय होते, हे या उदाहरणातून दिसते. अर्थशास्त्रज्ञ पंतप्रधानाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा ठेवणे चूक नव्हते.

त्यांच्या काळात गरिबी खरोखर कमी झाली का?

प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने सुचवलेल्या पद्धतीनुसार गरिबीचे प्रमाण २००४-०५ मधील ३७.२ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये २१.९ टक्क्यांवर आले. गरिबीची रेषा फार खाली आखली, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही एकच मोजपट्टी दोन्ही वेळा लावून मिळालेली घट खरी आहे. त्या वेळच्या आकडेवारीनुसार २००५-०६ पासून सलग तीन वर्षे विकासदर ९ टक्क्यांच्या वर होता.

दुसऱ्या कार्यकाळात काय बिघडले?

२००९ साली काँग्रेसला २०६ जागा मिळाल्या. पाच वर्षांचा पूर्ण कार्यकाळ संपवून पुन्हा त्याच पदावर येणारे ते नेहरूंनंतरचे पहिले पंतप्रधान ठरले. त्यानंतर मात्र उतरण सुरू झाली. दूरसंचार परवान्यांबाबत महालेखापरीक्षकांनी २०१० साली १.७६ लाख कोटी रुपयांच्या संभाव्य नुकसानीचा अंदाज मांडला आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. खटल्यातील सर्व आरोपी २०१७ साली विशेष न्यायालयात निर्दोष सुटले, हेही नोंदवायला हवे. कोळसा खाणवाटपात तर काही काळ ते खातेच पंतप्रधानांकडे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली २१४ खाणींचे वाटप रद्द केले. २०१५ साली विशेष न्यायालयाने त्यांना समन्स काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्यांनी स्वतः पैसे घेतल्याचा आरोप त्यांचे कडवे विरोधकही सहसा करत नाहीत. पण स्वतः स्वच्छ राहणे आणि मंत्रिमंडळ स्वच्छ ठेवणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, आणि दुसरीत ते कमी पडले.

याच काळात महागाई कित्येक वर्षे दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळली, पूर्वलक्षी प्रभावाने कर लावण्याच्या २०१२च्या तरतुदीने गुंतवणूकदार बिथरले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला. सप्टेंबर २०१३ मध्ये ते परदेशात असताना त्यांच्याच मंत्रिमंडळाने संमत केलेला, दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींना अपात्रतेपासून वाचवणारा अध्यादेश राहुल गांधी यांनी पत्रकारांसमोर निरर्थक ठरवला. त्या दिवशी त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता, असे मला आजही वाटते. १९९१ नंतर राजीनामा देऊ करणे त्यांना अनोळखी नव्हते.

ते फार कमी बोलत, हे खरे आहे का?

आवाज हळू होता आणि सभा गाजवणे त्यांना जमत नसे. पण महत्त्वाच्या वेळी ते नेमके बोलले. १९८४च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल ऑगस्ट २००५ मध्ये संसदेत त्यांनी देशाची माफी मागितली. जानेवारी २०१४च्या शेवटच्या मोठ्या पत्रकार परिषदेत, समकालीन माध्यमांपेक्षा आणि विरोधकांपेक्षा इतिहास आपल्याशी अधिक सहृदय राहील, असे ते म्हणाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीवर राज्यसभेत बोलताना त्यांनी तिची अंमलबजावणी ही संघटित लूट असल्याचे सांगून राष्ट्रीय उत्पन्न सुमारे दोन टक्क्यांनी घटण्याचा इशारा दिला. ते भाषण अवघ्या काही मिनिटांचे होते.

त्यांचे निधन कधी झाले?

२६ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, दिल्लीच्या एम्स रुग्णालयात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते राज्यसभेतून निवृत्त झाले होते. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीच्या अधिकारांविषयीच्या विधेयकावर मतदान करण्यासाठी ते चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आले होते.

त्यांची तुलना चिंतामणराव देशमुख यांच्याशी का केली जाते?

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आणि देशाचे अर्थमंत्रीपद ही दोन्ही पदे भूषवणाऱ्या व्यक्ती दोनच: चिंतामणराव देशमुख आणि मनमोहन सिंग. योगायोग असा, की विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपदही दोघांकडे होते. फरकही तितकाच मोठा आहे. रायगड जिल्ह्यातील देशमुख हे सनदी अधिकारी होते, तर मनमोहन सिंग प्राध्यापक. देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडले आणि महाराष्ट्राने ते कधी विसरले नाही.

भारतीय नोटांवर त्यांची सही आहे का?

आहे, आणि दोन्ही प्रकारच्या नोटांवर आहे. एक रुपयाची नोट भारत सरकार काढते आणि तिच्यावर अर्थ मंत्रालयाच्या सचिवाची सही असते, तर बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. मनमोहन सिंग यांनी दोन्ही पदे सांभाळल्यामुळे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातील एक रुपयाच्या नोटांवर आणि गव्हर्नरपदाच्या काळातील मोठ्या नोटांवर त्यांची सही सापडते. घरातल्या जुन्या डब्यात अशी नोट असेल, तर एकदा काढून पाहावी.